नाव घ्यायची खोली

ज्या माणसाशी मी आयुष्यात सगळ्यात जास्त भांडले, त्याचं नाव मी एकतीस वर्षांत भांडणातसुद्धा घेतलं नव्हतं. "अहो" म्हणायचे. फारच डोकं फिरलं तर "अहो, तुमालाच म्हणून राह्यले!" म्हणायचे. आमच्याकडं बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य तुटतं म्हणतात. मी काही अडाणी नाही. बारावी झालेय, वीस वर्षं अंगणवाडी सांभाळतेय, लसीकरणाच्या दिवशी दडून बसणाऱ्या आयांना घरात घुसून धरून आणते, अंधश्रद्धेवर भाषणं ठोकते. पण हे एक मी कधी करून बघितलं नाही. कोण करील? खरं निघालं तर?

माझ्या सहीत त्यांचं नाव आहे. लिहायला हरकत नसते. अंगणवाडीत एक लेकरू त्यांच्याच नावाचं आलं, तर त्याला मी वर्षभर "राजा" म्हणत राहिले. त्याची आई खूश, तिला वाटलं मॅडमचा आपल्या लेकरावर भारी जीव. आणि घ्यायचंच झालं तर नाव उखाण्यात घ्यायचं, लग्नात नाहीतर हळदीकुंकवाला, चार बायका आग्रह करतात तेव्हा. तेवढी सूट आहे. उखाण्यातलं नाव देव मनावर घेत नाही, असं माझी आई सांगायची.

आमचे हे गिरणी चालवायचे. केदारखेड्यापासून आमचं गाव जवळच, आजूबाजूच्या वस्त्यांवरचं दळण आमच्याकडंच यायचं. त्या दिवशी सकाळी नळाला पाणी येईना. टाकी पत्र्यावर. मी उठल्यापासून बडबडत होते. "दुपारी बघतो," असं हे म्हणाले, तर मी म्हणाले, "दुपारपर्यंत काय भांडी थुंकीनं घासू? चढा वर, जल्दी." चढले बिचारे. उतरताना पत्र्याच्या कडेवरून पाय सुटला आणि खाली कपडे धुवायचा दगड होता. आवाज आला तेव्हा मी चुलीपाशी होते. मला वाटलं टाकीचं झाकण पाडलं यांनी. मी आतूनच ओरडले, "फोडा, फोडा समदं!"

शुद्धीत त्यांनी ऐकलेलं माझं शेवटचं बोलणं हे, जर ऐकलं असेल तर. मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. आज पहिल्यांदा लिहितेय.

जालन्याच्या दवाखान्यात नेलं. आयसीयूत ठेवलं. डोक्यात रक्त साठलंय, म्हणाले. पहिले तीन दिवस मी बाहेरच्या बाकड्यावर काढले. खाल्लं का, झोपले का, काही आठवत नाही. सकाळी अकराला आणि संध्याकाळी पाचला, घरच्या एका माणसाला पाच मिनिटं आत सोडायचे. एकदा माझा दीर जायचा, एकदा मी. दीर "दादा, ओ दादा" म्हणून रडून यायचा. लेक पुण्याला, तिचे दिवस भरत आलेले, तिला प्रवास बंद. तिनं फोनवरून "पप्पा, पप्पा" केलं, सिस्टरनं फोन कानाला धरला. पापणी हलली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईनं मला आणि दिराला एकत्र बोलावलं. पोरसवदा वयाची, पण सरळ बोलणारी. ती म्हणाली, "उद्या सकाळी मोठे सर येणार आहेत. पेशंट हाकेला ओ देत असेल, नुसती मान जरी फिरवली, तरी संभाजीनगरला हलवून ऑपरेशन करायला अर्थ आहे. काहीच करत नसेल तर सर म्हणतील, घरी घेऊन जा."

घरी घेऊन जा म्हणजे काय ते आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं.

"तुम्ही काय म्हणून हाक मारता त्यांना?" तिनं मला विचारलं.

"अहो म्हणते."

"या हॉलमध्ये आठ पेशंट आहेत. येणारी प्रत्येक बाई अहोच म्हणते. त्यांना कसं कळायचं? त्यांचं नाव घ्या. माणूस नावाला वळतो. आम्ही घेतो, पण आमचा आवाज त्यांच्या ओळखीचा नाही."

आणि आमच्या घरात या माणसाचं नाव कुणीच घेत नव्हतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्यांची आई बापू म्हणायची, भाऊ दादा, लेक पप्पा, मी अहो. नाव घ्यायची ती गिरणीवरची माणसं. पट्ट्याच्या खडखडाटात दारातून नावानं बोंब मारायची, आणि हे मान वळवायचे.

अकराला मी आत गेले. हिरवा झगा घातला, पायांत पिशव्या घातल्या, वाकले, तोंड उघडलं आणि नाव येईना. खोटं सांगत नाही, जिभेवर होतं. पहिलं अक्षर ओठांत आलं आणि मी मागं सरकले. या माणसाच्या आयुष्याची दोरी आधीच एवढीशी राहिलेली, आणि मीच तिला कात्री लावू? "अहो," मी म्हटलं. "अहो, ऐकलं का, अहो." सिस्टर म्हणाली, "नाव घ्या ना काकू." मी म्हटलं, "घेते, घेते." पाच मिनिटं संपली.

बाहेर येऊन सासूला म्हणजे आत्याबाईंना फोन लावला. त्यांचा खुबा मोडलेला, वर्षभर खाटेवर, त्यांना येणं शक्यच नव्हतं. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "न्हाई. नाव न्हाई घ्यायचं. त्या डाक्टरणीला काय कळतं? माझ्या बापूचं आयुष्य तोडू नकू गं बाई, मी तुझ्या पाया पडते."

सासू सुनेच्या पाया पडते म्हणाली. मी फोन ठेवला आणि चालायला लागले. कुठं, ते माहीत नव्हतं. जिना उतरले, एक्स-रेच्या पुढं गेले. एका दाराबाहेर चपला काढून ठेवलेल्या होत्या आणि आमच्या माणसाचं असं असतं, चपला दिसल्या की आपणही काढतो. मी काढल्या आणि आत गेले.

दारावर पाटी होती: ध्यान कक्ष, सर्व धर्मीयांसाठी. खाली बारीक अक्षरांत, शांतता राखा, मूर्ती, फोटो, अगरबत्ती आणू नये. आत काय, तर काहीच नाही. चार करड्या सतरंज्या, एक खिडकी, एक पांढरी भिंत. खिडकीच्या चौकटीवर कुणीतरी पेन्सिलीनं बाण काढलेला, नमाजाची दिशा कळावी म्हणून. कोपऱ्यात एक टोपली, कुणी लिंबू, कुणी काळा दोरा, कुणी अंगाऱ्याची पुडी चोरून आत आणलेली. झाडणारी बाई ते फेकत नसे, तिथं गोळा करून ठेवायची.

माझं डोकंच सटकलं. माझं माहेर जांब समर्थाच्या अंगाचं. लहानपणापासून देवळात वाढलेली बाई मी. देवापुढं डोळे मिटायचे तर आधी देव दिसायला नको? आणि मला त्या दिवशी हात जोडायचे नव्हतेच, मला भांडायचं होतं. भांडायला समोर तोंड लागतं. भिंतीशी काय कपाळ भांडू? मी धपकन बसले आणि त्या भिंतीकडं बघून पुटपुटायला लागले. कसला रे तू, कुठं बसलास, तोंड तरी दाखव. एकतीस वर्षं नेम पाळला, त्याचं हे?

खोलीत दोघं होते. एक म्हातारे गृहस्थ, पांढरा सदरा, मांडी घालून ताठ बसलेले, डोळे मिटलेले. दाराजवळच्या सतरंजीवर माझ्याच वयाची एक बाई, बुरखा डोक्यावरून मागं सारलेला, हातात तसबीह, त्यांची जपमाळ. ती मधूनमधून एक नाव घ्यायची, पोरीचं नाव. नंतर कळलं, तिची सून वर होती, बाळंतपणात काहीतरी बिघडलेलं. माझी पुटपुट वाढली तशी ती सरकत माझ्याशेजारी आली.

"कौन है ऊपर?" तिनं हळूच विचारलं.

"आमचे हे."

"नाव काय? मी दुआ मांगते. नाव घेऊन मांगावं लागतं, न्हाई तर कुणासाठी मांगली ते कसं कळंल?"

आता हिलाही नावच पाहिजे. मला हसू आलं आणि हसता हसता जे रडू फुटलं ते आवरेना. चार दिवसांचं तुंबलेलं. मी तिला सगळं सांगितलं. टाकी, दगड, डॉक्टरीण, सासू. "फोडा फोडा" तेवढं सोडून. सांगताना माझा आवाज चढत गेला असणार, कारण त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी डोळे उघडले, ओठांवर बोट ठेवलं आणि दारावरच्या पाटीकडं हात केला.

मग मात्र माझा ताबाच गेला. "शांतता?" मी ओरडले. "वर माझा नवरा चार दिवस झाले शांतच पडलेला हाये! अजून किती शांतता पाहिजे तुमाला?"

त्यांनी बोट खाली घेतलं. चेहरा एकदम पडला त्यांचा. बाहेरून झाडणारी बाई डोकावून गेली. मला शरम वाटली, पण माफी मागायचं बळ नव्हतं.

आपानं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तिला आपा म्हणायला लागले होते, तिचं नाव मी विचारलंच नाही. ती म्हणाली, "हमारे में भी न्हाई लेते थे जी. मीपण न्हाई घेतलं कधी. मुन्नी के अब्बा, बस. मागच्या साली गेले. दफन करून मर्द माणसं आली, मंग मी घरात बसून घेतलं त्यांचं नाव. पहिल्यांदा. आता रोज घेते. खूब घेते. ऐकणारा कोण हाये?"

ती हे रडत सांगत नव्हती. भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती. मला तिच्या तोंडाकडं बघवेना.

मग मला एक आठवलं, आणि ते आठवू नये असं वाटत होतं. गावात लग्न असलं, बायका नाव घ्यायला बसल्या, की हे कुठूनतरी हजर व्हायचे. पुरुषांच्या पंगती सोडून मांडवाच्या खांबाआड उभे. माझी पाळी येऊन गेली की निघून जायचे. घरी आल्यावर मी ओरडायचे, "बायकांत काय उभं राहता, लाज न्हाई वाटत?" तर म्हणायचे, "तुझ्या तोंडून आपलं नाव ऐकायचं तर दुसऱ्याचं लग्न लागावं लागतं बाप्पा." चेष्टेत म्हणायचे. मी चेष्टाच समजले. बाईमाणूस असून मला एवढं कळलं नाही की त्याला ऐकायचंय.

"मला नुसतं घेताच येत नाही," मी आपाला म्हटलं. "उखाण्यात येतं फक्त."

"तो उखाण्यात घे."

"इथं?"

"इथं कोण अडवतं?" ती म्हणाली, आणि दोघींनी एकदमच त्या गृहस्थांकडं पाहिलं. ते आमच्याकडंच बघत होते. बोलले तेव्हा आवाज घोगरा निघाला. "ताई, माझी मिसेस वर आहे, सहा नंबरला. तुम्ही घ्या नाव. मोठ्यानं घ्या. मी काही म्हणत नाही."

मी पदर डोक्यावर घेतला. सवयीनं. भिंतीकडं तोंड केलं आणि लग्नात शिकवलेला पहिला उखाणा म्हटला. मक्याच्या कणसाला रेशमाचा तुरा, आणि पुढं त्यांचं नाव, यांच्या शब्दाला भरवसा पुरा. आवाज असा कापत होता की नाव मलाच ऐकू आलं नाही. आपा म्हणाली, "फिरसे." मी परत म्हटलं. आणि परत. पाच-सात वेळा म्हटल्यावर तिनं सांगितलं, आता मका सोड. तुरा सोड. नुसतं नाव. मी सोडलं. नाव एकटं बाहेर पडलं आणि त्या रिकाम्या खोलीत माझ्याच कानांना परक्यासारखं लागलं. मी छातीला हात लावून बसले, वरून कुणी धावत येतंय का ऐकत. कुणी आलं नाही. आपा डोळे मिटून तेच नाव तिच्या दुआत घालत होती. म्हातारे गृहस्थही पुटपुटत होते, पण ते काय, मला ऐकू आलं नाही.

पाच वाजेपर्यंत मी तिथून हलले नाही. भीती गेली म्हणणार नाही. मरणाची भीती वाटत होती. फक्त दोन भीत्यांतली एक मी निवडली.

पाचला दीर म्हणाला, "मी जाऊ का वैनी?" मी म्हटलं, "तू बस खाली." आत गेले. यांच्या तोंडात नळी, डोक्याला पांढरी पट्टी, दाढी वाढलेली. दोन दिवस दाढी राहिली तरी बेचैन होणारा माणूस. मी कानाशी वाकले. आधी "अहो"च आलं तोंडून. मग नाव घेतलं, बारीक आवाजात. काही नाही. परत घेतलं, पुढं राव लावून, इज्जतीनं. काही नाही. मग उखाणाच म्हटला, सगळा, मोठ्यानं. शेजारच्या खाटेजवळची सिस्टर वळून बघायला लागली. यांच्यात काही फरक नाही. मशीनचा आवाज तेवढा चाललेला.

"वेळ झाली, काकू," सिस्टर म्हणाली.

तेव्हा मला जो राग आला, तसा मी आजवर कुणावर काढला नसेल. डॉक्टरांवर नाही, देवावर नाही. यांच्यावर. एवढं मी माझं सगळं मोडून आले, सासूचं ऐकलं नाही, आणि हा माणूस ढिम्म? मी खाटेची लोखंडी कड धरली आणि गिरणीच्या दारातून दळणवाले मारतात तशी बोंब मारली. नुसतं नाव. ना राव, ना अहो. "ऊठ! ऊठ म्हणते ना मी तुला!"

तुला म्हणाले मी त्यांना.

आणि ते वळले. उशीवर मान इकडं झाली, एवढीशी. पापण्या थरथरल्या, एका डोळ्याची फट उघडली आणि ती फट माझ्याकडं होती. सिस्टर पळत गेली. डॉक्टरीणबाई आली, म्हणाली, "परत घ्या." मी घेतलं. परत वळले. "परत." परत वळले. तिनं कागदावर काहीतरी लिहिलं आणि माझा खांदा दाबला. मला थांबवलं नसतं तर मी सकाळपर्यंत घेत राहिले असते.

सकाळी मोठे सर आले, ॲम्ब्युलन्स ठरली, त्याच दुपारी संभाजीनगरला ऑपरेशन झालं. मी निघताना त्या खोलीत डोकावले, आपा नव्हती. तिच्या सुनेचं काय झालं, मला माहीत नाही. माझ्या नवऱ्यासाठी तिनं दिवसभर दुआ मागितली आणि मी तिच्या सुनेची चौकशीसुद्धा केली नाही. याची मला लाज वाटते.

ऑपरेशननंतर हे चार दिवस होते. शुद्धीवर आले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी गेले.

गावात बातमी आमच्या आधी पोचली होती. दिरानंच अभिमानानं सगळ्यांना फोनवर सांगितलेलं, वैनीनं नाव घेतलं अन् दादा वळले. आता तीच गोष्ट उलटी झाली. मी आले की बायका बोलायच्या थांबायच्या. तोंडावर कुणी काही म्हणालं नाही. मलाही कळत होतं त्या काय म्हणत असतील, कारण रात्रंदिवस मी स्वतःला तेच विचारत होते. तोडलं का मी? त्यांचे अजून काही दिवस होते, ते मी ओरडून संपवले का?

तिसऱ्या दिवशी राख सावडून माणसं आली आणि आत्याबाईंनी मला आत बोलावलं. मी तयारीनं गेले. एक वाक्य मी दोन दिवस धार लावून ठेवलं होतं, की तुम्ही नेम पाळला ना, मग मामंजी पंचेचाळिशीत कसे गेले? म्हणणार होते मी. तोंडावर म्हणणार होते.

त्या खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी जवळ गेले तसं त्यांनी माझं मनगट धरलं. हाडांच्या हातात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं.

"तू नाव घेतलंस म्हणं."

"घेतलं."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं. समद्या दवाखान्यानं ऐकलं." मी तोंड उघडलं, ते धार लावलेलं वाक्य बाहेर काढायला.

"मंग वळला का गं माझा बापू?"

"वळला."

"कोन्या अंगाला?"

मी मान करून दाखवली. डावीकडं, मी उभी होते तिकडं. त्या माझ्या मानेकडं बघत राहिल्या. मनगट सोडलं नाही.

"अजून एकदा सांग," त्या म्हणाल्या. "नीट सांग. काय म्हणालीस, अन् पहिलं काय हललं? मान का डोळा?"

मी त्यांच्या शेजारी खाटेवर बसले आणि सांगितलं. यांचं नाव घेऊनच सांगितलं, आणि आत्याबाईंनी मला अडवलं नाही.